गिरडचे गोटे आणि भूशास्त्राची पदवी

वर्धा जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांच्या दर्ग्याच्या परिसरात गोल गोटे सापडतात. साधूची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, असे लोककथा सांगते. ते बेसाल्टमधील झिओलाइट होय, असे शास्त्र सांगते. कथेकडून शास्त्राकडे नेणारी वाट मात्र अरुंद आहे.

एम.एस्सी.साठी बी.एस्सी.ला भूशास्त्र हा विषय असावा लागतो, असा सर्वसाधारण प्रघात आहे. म्हणजे विषयाची पुरती ओळखही नसते, त्या बारावीनंतरच्या वयात निर्णय होऊन जातो. पीएच.डी.ला, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार, पदव्युत्तर परीक्षेत साधारणतः ५५ टक्के गुण, किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आणि किमान ३ वर्षे लागतात. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळविणाऱ्यासही दार खुले आहे.

या अटी गैर नव्हेत. परंतु टक्के मोजता येतात, दृष्टी मोजता येत नाही. ती हातोडी घेऊन उन्हात हिंडल्यानेच येते. विहिरीला पाणी कोठे लागेल, हा या काळ्या खडकाच्या जिल्ह्याचा जीवनमरणाचा प्रश्न आहे. तेव्हा शाळेची एक तरी सहल गिरडच्या पायथ्याशी थांबावी, आणि कथेबरोबर खडकही मुलांच्या हाती द्यावा.