महिन्याचा खर्च : तिकडचा आणि इकडचा

मुलाला परदेशी प्रवेश मिळाल्याचे पत्र घेऊन पालक बँकेत येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, एका पौंडाचे किती रुपये?" आम्ही दर सांगतो. मग तिथेच पावतीच्या मागे गुणाकार होतो आणि माणूस हरखून तरी जातो, नाहीतर घाबरतो. दोन्ही घाईचे.

परमपूज्य बाबासाहेबांना 1913 साली मिळालेली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे 172 रुपये आठ आणे. मुंबईच्या चाळीत ही रक्कम मोठीच. पण ती खर्चायची होती न्यूयॉर्कला, आणि तिथे तिचे होत 56 डॉलर. खोली, जेवण, पुस्तके, सगळे त्यातच.

1920 साली ते लंडनला गेले ते नोकरीतली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर. त्याच वर्षी सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरवला. तो टिकला नाही. 1921 मध्ये बाजारात तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली आला. हिशेब करून पाहा. पाच हजार रुपयांचे दोन शिलिंगांच्या दराने 500 पौंड होतात, एक शिलिंग चार पेन्सने 333. लंडनमध्ये काहीही महाग न होता विद्यार्थ्याचा खिसा एक तृतीयांशाने रिकामा! रुपयाच्या या प्रश्नावरच बाबासाहेबांनी तिथे प्रबंध लिहिला आणि 1923 मध्ये तो ग्रंथरूपाने निघाला.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पैसा कुठून येतो ते आधी पाहा. शिष्यवृत्ती पौंडांत मिळत असेल तर तिथला खर्च पौंडांतच मोजावा, रुपयाचा दर विसरावा. आमच्या ओळखीतली एक मुलगी पहिला महिनाभर चहाचेसुद्धा रुपये करत राहिली, अर्धपोटी राहिली आणि आजारी पडली. वडिलांच्या कर्जावर जाणाऱ्याला मात्र दर विसरून चालत नाही. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागतात.

दुसरे, गाव. ब्रिटनच्या व्हिसा नियमांत जानेवारी 2025 मध्ये विद्यार्थ्याचा मासिक खर्च लंडनसाठी 1,483 पौंड, लंडनबाहेर 1,136 पौंड धरला होता. पौंडाला 105 रुपये धरले तरी महिन्याचा फरक 36 हजारांवर जातो. एवढ्यात इंदोऱ्यात खोलीचा किराया आणि मेस भागून पैसे उरतील. विद्यापीठ निवडताना हे कोणी पाहत नाही, नुसते नाव पाहतात.

तिकडे खोलीचे भाडेच सर्वांत जड. जिथे माणसाचा हात लागतो ते सारे महाग : केशकर्तन, हॉटेलचे जेवण. तांदूळ, डाळ, अंडी आणून स्वतः रांधले तर पोटाचा खर्च आवाक्यात राहतो. तेव्हा जाण्यापूर्वी मुलांनी, हो, मुलांनीही, वरणभात शिकून घ्यावा.

आणि पहिल्या महिन्याचे वेगळे बघावे. खोलीची अनामत, गरम कपडे, अंथरूण-पांघरूण हे सारे एकदम लागते, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता कधीकधी उशिरा पडतो. निदान दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच विमानात बसावे.