फोटो काढला, पण पाठवण्यापूर्वी...

घरात लग्न असले की हल्ली फोटोग्राफर एकच नसतो. मामेभाऊ, आत्या, नवरीची मैत्रीण, कॉलेजात जाणारा पुतण्या, प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो आणि रात्री अकराच्या सुमारास घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू होतो. अक्षता टाकतानाचेच चाळीस फोटो, त्यांतल्या निम्म्यांत कुणाचा तरी हात आडवा आलेला. ज्या एका फोटोत आजी नातीची दृष्ट काढते आहे, तो या ढिगात कुठे बुडाला ते कुणालाच सापडत नाही.

म्हणून नवशिक्या हौशी छायाचित्रकाराने सर्वांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे निवड. रोलच्या काळात हे शिक्षण आपोआप मिळे. ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ फोटो निघत. जुन्या १२० नंबरच्या फिल्मवर चौकोनी फोटो काढले तर अवघे १२. मोबाइलवर कितीही काढता येतात, म्हणून काढावेत जरूर. पण एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि सकाळी चहा घेताना शांतपणे दहा-बाराच बाजूला काढावेत. डोळे मिटलेले, हललेले, एकसारखे दिसणारे फोटो दुसऱ्याला पाठवू नयेत.

मग येते दुरुस्ती. यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. मोबाइलवर स्नॅपसीड आणि संगणकावर गिम्प ही दोन्ही फुकट मिळतात व सुरुवातीला पुरेशी आहेत. आधी फोटो सरळ करावा. मागची भिंत किंवा समुद्राची रेषा कलली असेल तर चांगला फोटोही पडल्यासारखा वाटतो. नंतर कडेला डोकावणारी प्लॅस्टिकची खुर्ची कापून टाकावी. त्यानंतर उजेड. काळोख्या भागातले थोडेफार बाहेर काढता येते, पण उन्हात पांढरीफटक पडलेली जागा परत आणता येत नाही, कारण तिथे चित्रच नोंदलेले नसते. तेव्हा भर दुपारी फोटो काढताना उजेड किंचित कमीच ठेवलेला बरा.

रंगांच्या बाबतीत हात आवरणे सर्वांत कठीण जाते. हळदीच्या समारंभात चौकटभर पिवळा रंग असला की कॅमेरा त्याला प्रकाशाचा दोष समजतो आणि फोटो निळसर करून टाकतो. ‘व्हाइट बॅलन्स’ची पट्टी थोडी पिवळ्या बाजूला सरकवली की हळद पुन्हा हळदीसारखी दिसते. याउलट ‘सॅच्युरेशन’ वाढवले की लाल पैठणीचा नुसता लाल डाग होतो आणि पदरावरचे मोर त्यात बुडतात. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा पडदा पूर्ण उजळ ठेवून दुरुस्ती केली, तर तोच फोटो छापून आल्यावर काळवंडलेला निघतो. स्टुडिओवाल्याचा यात काही अपराध नसतो!

चेहरा कुणाचा?

चेहरा सुधारण्याची हौस नवी नाही. पूर्वीचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या भरून काढत. फरक इतकाच, की त्याला कौशल्य व वेळ लागे. आता कित्येक मोबाइलमध्ये ‘ब्यूटी’ची सोय सेल्फी काढतानाच चालू असते. सावळी मुलगी न विचारता गोरी होते आणि पंचाहत्तरीच्या आजोबांच्या गालावर एक रेघ उरत नाही. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करावी.

वस्तू हलवण्या-पुसण्याचेही तसेच. ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ आणले होते. त्यावरून झालेली टीका अजून आठवली जाते. घरच्या फोटोला वृत्तपत्राचे नियम लावायचे कारण नाही. विजेची तार पुसली तर बिघडत नाही. पण मागे उभे असलेले काका फोटो ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून पुसले आणि मूळ फोटोवरच तो बदल जतन केला, तर पाच वर्षांनी काका नसतील आणि त्यांचा त्या दिवसाचा फोटोही नसेल. यासाठी दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी, मूळ फोटोला हात लावू नये. शिवाय जेपेग फोटो पुन्हापुन्हा दुरुस्त करून जतन केला की दर वेळी त्यातला थोडा बारकावा गळतो, हे वेगळेच.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने धाडलेला फोटो आकुंचन पावतो. पडद्यावर तो ठीक दिसतो, मोठा छापायला गेले की फुटतो. छापायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे जसाच्या तसा पोहोचतो. मात्र जसाच्या तसा म्हणजे त्यात दडलेल्या नोंदींसकट! कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ती जागा अक्षांश-रेखांशांसह फाइलमध्ये लिहिलेली असते. घरात काढलेल्या बाळाच्या फोटोबरोबर घराचा ठावठिकाणा अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ही नोंद बंद करता येते. गणवेशावरचे शाळेचे नाव तर सेटिंग बदलून लपत नाही. ते पाहूनच कापावे लागते. आणि आंघोळ करणाऱ्या बाळाचा फोटो कितीही गोड असला तरी तो घरातच राहू द्यावा. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो सर्वांसमोर टाकण्यापूर्वी त्याच्या आईला एक फोन करणे अवघड नसते.

मालकीचा प्रश्नही कधीतरी उपटतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पण पैसे देऊन लग्नासाठी फोटोग्राफर बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा. त्यामुळे पुतण्याने काढलेला सुंदर फोटो आपल्या नावावर खपवणाऱ्या आत्याबाईंना कायदा साथ देणार नाही!

निवडलेल्या दहा-बारा फोटोंचे मूळ रूप दोन ठिकाणी ठेवावे. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१पासून बंद झाली आहे, तेव्हा एक प्रत हार्ड डिस्कवर असावी. आणि फोटोतील माणसांची नावे, गाव, तारीख ही माहिती त्याच आठवड्यात लिहून टाकावी. जुन्या अल्बममधल्या फोटोंच्या मागे आजोबा शाईने ती लिहीत असत. ज्यांच्या मागे लिहायचे राहिले, त्या फोटोंतील मंडळी कोण हे विचारायला आता घरात कुणी उरलेले नाही.