पत्र्याचा ठेका देण्यापूर्वी

मृग तोंडावर आला की वस्तीत पत्रे बदलण्याची घाई उडते. ठेकेदार वहीच्या पानावर ‘पत्रे बसवून देणे’ आणि रक्कम एवढेच लिहितो आणि आपण भिशीचे पैसे हातावर ठेवून सही करतो. आम्ही म्हणतो, थांबा! घरातल्या शिकत्या मुलीला तो कागद मोठ्याने वाचायला सांगा. पत्रा किती जाडीचा? ०.५० मिलिमीटर की ०.३५? खालून दोन्ही सारखेच दिसतात. पातळ पत्रा पायाखाली लवकर वाकतो. जाडी आणि कंपनी लिहून घ्या, माल उतरताना पत्र्यावरचा छापा पाहा.

चौरस फुटाचा दर पत्र्याचा की झाकलेल्या जागेचा? पत्र्यावर पत्रा चढतो, म्हणून दोन्ही मापे वेगळी भरतात आणि भांडण इथेच पेटते. उभा चढाव निदान ६ इंच, हुकाला डांबरी वायसर, जुने पत्रे कोणाचे, हेही लिहावे. (भंगारवाला त्यांचे पैसे देतो, हे ठेकेदाराला ठाऊक असते!)

पहिला मोठा पाऊस होईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायची, हे करारातच घाला. दिलेल्या पैशांची सहीची पावती घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पावती मात्र लागते.