झुरळ मरते, त्याची धूळ उरते

वारंगा फाटा हे तसे रात्रभर जागे असणारे ठिकाण. नांदेड, हिंगोली आणि हदगाव-यवतमाळ अशा तिन्ही वाटांच्या गाड्या येथे थांबतात. प्रवासी खिचडी खातात, चहा घेतात आणि पुढे जातात. गेल्या पावसाळ्यात फाट्यावर हॉटेल चालविणारे एक गृहस्थ व त्यांची पत्नी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले.

"साहेब, लेकराला रातीच धाप लागायलीय. दिवसा खेळतंय, जेवतंय, अन् निजलं की छाती वाजायलीय," मुलाची आई सांगत होती.

त्या पावसाळ्यातील ही त्यांची तिसरी खेप. औषधाने चार दिवस बरे वाटायचे, पुन्हा मूळ पदावर. या वेळी मी औषध तर दिलेच, शिवाय संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. हॉटेलच्या मागे दोन खोल्या. एकीत कांदे-बटाट्यांची पोती, पुठ्ठ्याचे खोके आणि त्यांना लागूनच मुलाचे अंथरूण. एक खोका उचलला तर दहा-पंधरा झुरळे चौफेर पळाली. भिंतीच्या कडेला मिरपुडीसारखे काळे कण पडलेले होते.

"झुरळं तर हैतच साहेब, पण ती कुठं चावायलीत?" मुलाचे वडील म्हणाले.

वाचकहो, हाच गैरसमज आपल्यापैकी बहुतेकांचा असतो. झुरळ सहसा चावत नाही हे खरे. पण त्याचा अपाय दोन वाटांनी होतो. एक पोटाची आणि दुसरी श्वासाची.

पोटाची वाट

आपल्या घरांत मुख्यतः दोन प्रकारची झुरळे आढळतात. मोठे, तांबूस, दीड इंच लांबीचे झुरळ गटारात, संडासात, मोरीच्या नळीत राहते. त्याला 'अमेरिकन झुरळ' म्हणतात. दुसरे अर्ध्या इंचाचे, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेले. हे स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मोटारीमागे, कपाटाच्या बिजागरीत दडते. त्याचे नाव 'जर्मन झुरळ'. नावे परदेशी असली तरी त्यावर जाऊ नका. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार या जर्मन झुरळाचा उगम सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात झाला. म्हणजे हा पाहुणा नसून जुना भाऊबंदच आहे!

रात्री दिवे मालवले की झुरळे बाहेर पडतात. संडासातून, गटारातून निघालेले झुरळ तेच पाय घेऊन भाकरीच्या टोपलीत शिरते. खाताना पोटातले बाहेर टाकते आणि तेथेच विष्ठाही करते. हगवण, विषमज्वर, अन्नविषबाधा घडविणारे जंतू आणि जंतांची अंडी ते अशा रीतीने वाहून आणू शकते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी रुग्णालयातील झुरळे तपासली. त्यांच्या अंगावर व पोटात रोगजंतू आढळल्याचे त्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले.

श्वासाची वाट

दुसरी वाट कमी माहितीची, पण लहान मुलांच्या दृष्टीने अधिक त्रासाची. झुरळाची लाळ, विष्ठा, वाढताना टाकलेली कात आणि मेलेल्या झुरळांचे तुकडे वाळून त्यांची बारीक धूळ होते. ती अंथरुणात, जमिनीवर बसते आणि झाडताना किंवा गोधडी झटकताना हवेत उडते. काहींचे शरीर या धुळीला शत्रू मानते. यालाच आपण ॲलर्जी म्हणतो. मग शिंका, नाक गळणे, डोळे खाजणे आणि दम्याची प्रवृत्ती असेल तर श्वासनळ्या आवळून धाप लागते.

अमेरिकेतील आठ शहरांतील दमेकरी मुलांची एक मोठी पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ४७६ मुलांपैकी सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळांची ॲलर्जी निघाली. ज्यांना ॲलर्जी होती आणि ज्यांच्या झोपण्याच्या खोलीत ही धूळही जास्त होती, त्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ इतर मुलांच्या तिपटीहून अधिक वेळा आली.

प्रत्येक दमा झुरळांमुळेच होतो असे मात्र समजू नये. चुलीचा धूर, विडी-सिगारेट, सर्दीचे विषाणू, साधी धूळ अशी इतरही कारणे असतात. पण धाप रात्री अंथरुणावरच लागत असेल तर घरात एकदा बॅटरी घेऊन पाहावे.

रोगापेक्षा उपाय भयंकर

मी हे समजावून सांगितले तेव्हा ते गृहस्थ लगेच उठले आणि कोपऱ्यातून शेतातली फवारणीची बाटली घेऊन आले. "आज रातीच मारून टाकतो." मी त्यांचा हात धरला. आपल्या कापूस-सोयाबीनच्या मुलखात ही चूक फार घरांत होते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ते उघड्या रानात घडले. मग बंद खोलीत, लेकराच्या उशाशी हेच विष मारले तर काय होईल? पूर्वी घरांतही फवारले जाणारे डायक्लोरव्हॉस हे औषध केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद केले आहे. घरासाठी मिळणाऱ्या फवाऱ्याच्या वासानेही दमेकऱ्याला धाप लागू शकते.

फवारणीनंतर कोणाला खूप घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणे किंवा श्वासाचा त्रास झाला तर त्याला मोकळ्या हवेत आणावे. अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली सोबत न्यावी. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

काय करावे?

१) झुरळ अन्नाशिवाय अनेक दिवस काढते, पण पाण्याशिवाय त्याचे फार दिवस भागत नाही. म्हणून रात्री मोरी कोरडी करावी, गळका नळ दुरुस्त करावा.

२) खरकटी भांडी रात्रभर ठेवू नयेत. गूळ, साखर, पीठ, शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावेत.

३) बाहेरून येणाऱ्या खोक्यांतून आणि पोत्यांतून झुरळे घरात येतात. माल काढून खोके त्याच दिवशी बाहेर काढावेत. झोपण्याच्या खोलीत साठा नको.

४) भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात. मोरीच्या तोंडाला जाळी लावावी.

५) दुकानात मिळणाऱ्या झुरळांच्या जेलचे मसुराएवढे ठिपके बिजागरीत, फ्रीजमागे, मुलांचा हात पोचणार नाही तेथे लावावेत. त्या जागी फवारा मारू नये, नाहीतर झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. मादीच्या एका अंडपेटीत तीस-चाळीस पिल्ले असतात, म्हणून महिन्याने पुन्हा पाहावे.

६) झुरळे संपली तरी धूळ काही महिने राहते. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत.

७) डॉक्टरांनी दिलेला पंप मनाने बंद करू नये. पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे.

त्या कुटुंबाने खोके दुसऱ्या दिवशीच हलविले. पोत्यांसाठी हॉटेलच्या बाजूला पत्र्याची शेड टाकली. मुलाची आई रोज रात्री मोरी पुसून कोरडी करू लागली. पंप चालूच ठेवला. दिवाळीनंतर ती भेटली तेव्हा म्हणाली, "आता महिन्यातून एखाद्या राती छाती वाजतीय, साहेब. नाहीतर सकाळपस्तोर निजतंय."

त्या मुलाचा दमा पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. पण तो रात्री झोपतो आणि त्याचे आईबापही झोपतात. आज रात्री दिवे मालविल्यावर तासाभराने आपणही उठा, बॅटरी लावा आणि आपल्या लेकराच्या अंथरुणापाशी काय पळते ते एकदा पाहा.