शांत संगणकाचे गणित

घरी जुळवलेल्या संगणकाचा आवाज मुख्यतः पंख्यांचा असतो आणि पंख्यांची गती उष्णतेवर ठरते, त्यामुळे सुटे भाग निवडताना पहिला हिशेब वॅटचा करावा लागतो. प्रोसेसरचा ‘टीडीपी’, म्हणजे शीतनव्यवस्था ठरवताना गृहीत धरायची उष्णता, ही वीजवापराची कमाल मर्यादा नव्हे. एएमडीच्या ‘एएम५’ सॉकेटवरील ६५ वॅटच्या प्रोसेसरला ८८ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. पंख्याचा वेग निम्मा केल्यास हवेचा प्रवाहही निम्म्यावर येतो, परंतु आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो; म्हणूनच १२० मिलिमीटरच्या एका भरधाव पंख्यापेक्षा १४० मिलिमीटरचे दोन संथ पंखे केव्हाही बरे. दर्शनी बाजू काचेने बंद केलेले देखणे कॅबिनेट मात्र हवेची वाटच अडवून हे गणित बिघडवते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची १२० हर्ट्झची घरघर पत्र्यात घुमते, तर एसएसडीत फिरणारा भागच नसतो. ग्राफिक्स कार्डातून येणारी बारीक कुईकुई पंख्याची नसून विद्युतप्रवाहाच्या जलद चढउतारांमुळे थरथरणाऱ्या वेटोळ्यांची असते, आणि खेळातील दर सेकंदाच्या चित्रांवर मर्यादा घातल्यास ती बहुधा ओसरते. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही, त्यामुळे पुण्यात डिसेंबरात निःशब्द वाटणारी जुळणी नागपूरच्या मे महिन्यात भणभणू लागते.