लोकवर्गणीचा चित्रपट आणि नोंदवहीतले नाव

प्रयोग हा शब्द नालवाडीला काही नवा नाही. १९३२ साली विनोबा वर्ध्याहून इथे राहावयास आले, आणि सूत कातून जी मजुरी पडेल तिच्यात माणसाचे भागते की नाही, हे त्यांनी स्वतःवरच पडताळून पाहिले. करून पाहावयाचे, हिशेब ठेवावयाचा आणि जे हाती येईल ते चारचौघांपुढे ठेवावयाचे, ही रीत या गावाने पाहिलेली आहे. आज बोलावयाचे आहे ते मात्र निराळ्या प्रयोगाविषयी, म्हणजे चित्रपटाविषयी.

चार गाणी, दोन मारामाऱ्या आणि शेवटी लग्न, हा ठरलेला साचा सोडून जो दिग्दर्शक गोष्ट सांगण्याची नवी तऱ्हा शोधतो, त्याच्या चित्रपटाला आपण प्रायोगिक म्हणतो. असल्या चित्रपटावर सावकार पैसा लावीत नाही. मग पैसा यावयाचा कोठून? तर लोकांकडून. देवळाचा कळस किंवा शाळेची खोली आपण वर्गणीतून उभी करतो, तसाच चित्रपटही उभा राहू शकतो.

याचे मोठे उदाहरण १९७६ सालचे आहे. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा दूध सोसायटीवरचा हिंदी चित्रपट. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख जमले आणि चित्रपट झाला. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा मंडळींनी तर गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून पैसे गोळा केले आणि १९८६ साली ‘अम्मा अरियान’ पुरा केला.

मराठीत याच्या जवळचा म्हणावा असा चित्रपट ‘घाशीराम कोतवाल’. तोही १९७६ चाच, आणि पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. तो कोण्या एका धनिकाने काढला नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि तिच्यातर्फे तो केला. मोहन आगाशे नाना फडणवीस झाले, ओम पुरी घाशीराम. पुढे त्याची प्रत आपल्याकडे पाहावयास मिळणे दुर्मिळ झाले. जर्मनीतल्या बर्लिन शहरी आर्सेनल नावाच्या संस्थेने मात्र एक प्रत सांभाळून ठेवली होती. पुढे तिचीच डागडुजी होऊन चित्रपट पुन्हा पडद्यावर आला. मराठी चित्रपट पाहावयाचा आणि त्यासाठी बर्लिनकडे बघावयाचे! असो.

आता गंमत पाहा. हा चित्रपट कोणी दिग्दर्शित केला, असे विचारले तर एके ठिकाणी के. हरिहरन आणि मणी कौल ही दोन नावे मिळतात, दुसरीकडे त्यांच्या जोडीला कमल स्वरूप आणि सईद मिर्झा धरून चार. सहकाराने काम केले की असे होते. शेत दहा जण मिळून कसतात, पण सातबारा मागेल त्याला एकच नाव सांगा, म्हणजे भांडण.

चित्रपटांचाही आज एक सातबारा आहे. आयएमडीबी नावाची ही नोंदवही इंटरनेटवर आहे. १९९० साली कॉल नीडहॅम या इंग्रज गृहस्थाने हौसेखातर तिची सुरुवात केली. जगभरचे चित्रपटवेडे आपापल्या गाठची माहिती तिच्यात घालीत गेले, म्हणजे हीही एका परीने वर्गणीच होती. १९९८ साली अमेझॉन कंपनीने ती विकत घेतली. आज नट, तंत्रज्ञ, महोत्सववाले, वर्तमानपत्रवाले, सगळे प्रथम तिथे पाहतात. तिथे नाव नाही म्हणजे तुमचा चित्रपट नाहीच, अशी समजूत होऊन बसली आहे. ही समजूत मला मान्य नाही. पण ती आहे, आणि तिचा फटका लहानांनाच बसतो.

कसा, ते सांगतो. समजा, नालवाडीच्या मुलांनी वर्गणी काढून चित्रपट केला. शाळेच्या पटांगणात पडदा बांधून हजार माणसांनी तो पाहिला. नोंदवहीवाले विचारणार, हा सर्वसाधारण लोकांसाठी प्रसिद्ध झाला काय? चित्रपटगृहात लागला, दूरचित्रवाणीवर दाखवला, एखाद्या महोत्सवाने निवडला, यांपैकी काही असेल तर नोंद सुकर होते. पटांगणातल्या हजार माणसांचा दाखला आणावयाचा कोठून? त्यात महोत्सववालेही पुष्कळदा आधीची ओळख पाहतात. तलाठ्याकडे गेले की तो म्हणतो ताबा दाखवा, आणि ताबा मागावयास गेले की दुसरा म्हणतो सातबारा दाखवा, अशातली ही गत.

तरीही नोंदवहीवाल्यांना सरसकट दोष देता यावयाचा नाही. कोणीही उठून न झालेल्या चित्रपटाचे नाव घालू लागला, तर खऱ्याचीही किंमत राहणार नाही. फेरफार करताना नोटीस निघते आणि हरकत मागवतात, ते उगीच नव्हे. पुरावा मागणे रास्तच, पण पुरावा म्हणून काय धरावे, हे ठरवताना शहरातले चित्रपटगृह तेवढे डोळ्यांपुढे राहते, ही खरी अडचण.

म्हणून शिक्षकबंधूंना एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. मुलांना चित्रपट करू द्याच, पण पहिल्या दिवसापासून वही घाला. वर्गणी कोणी किती दिली, कॅमेरा कोणी धरला, संकलन कोणी केले, पहिला खेळ कोणत्या तारखेस आणि कोठे झाला, हे सगळे तिच्यात लिहा. खेळाची छापील पत्रिका काढा आणि स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर कात्रण जपून ठेवा. तिकीट लावून जाहीर खेळ करावयाचा असेल तर १९५२ च्या कायद्याप्रमाणे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. त्या कागदावर चित्रपटाचे नाव, लांबी आणि तारीख असते, तेव्हा पुढे तोच उपयोगी पडतो. चित्रपटाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवा. एक उंदराने किंवा पावसाने नेली तर दुसरी राहील.

आणि श्रेयनामावलीत कोणाचे नाव कशासाठी घालावयाचे, ते चित्रपट सुरू करण्याआधी सर्वांनी बसून ठरवा. ‘मंथन’च्या आरंभी गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांतर्फे असा उल्लेख आला. आपल्या गावी वर्गणीदार शंभर-दीडशेच असावयाचे. त्यांची नावे एकेक करून पडद्यावर घातली, तरी दोन मिनिटांच्या वर जाणार नाहीत.