विलायतेंतील काम आणि विसांवा

धाटाव हें कुंडलिकेच्या कांठचें गांव. एके काळीं भाताचीं खाचरें एवढाच ज्याचा लौकिक, त्याच गांवाशेजारीं आज रसायनांचे कारखाने उभे आहेत; आणि त्या कारखान्यांत उमेदवारी केलेलीं किंवा आसपासच्या महाविद्यालयांतून शास्त्रविषय शिकलेलीं मुलें आतां दूरदेशींहि जाऊं लागलीं आहेत. घरांतील मुलगा किंवा मुलगी विलायतेस गेली म्हणजे वडीलमंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. पगार किती? थंडी किती? जेवणाची सोय काय? हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु "काम आटोपल्यावर तूं काय करतोस?" हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. माझ्या मतें परदेशीं राहणाऱ्या मुलाचें क्षेमकुशल ह्या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरांतच अधिक सांपडतें. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आपल्या लोकांचा विलायतेशीं संबंध आजचा नव्हे. बौधायन धर्मसूत्रांत समुद्रसंयान हें पतनीय कर्मांत गणलें आहे आणि त्या शास्त्रार्थावर गेल्या शतकापूर्वीं आपल्या समाजांत पुष्कळ वाद झाले. तरी पंडिता रमाबाई १८८३ सालीं लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या, प्रथम वाँटेज येथें राहिल्या आणि पुढें चेल्टनहॅमच्या स्त्रीविद्यालयांत राहून स्वतः शिकत असतां तेथें संस्कृतहि शिकवूं लागल्या. डॉ. रखमाबाई १८८९ सालीं लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत दाखल झाल्या. दापोलीजवळच्या मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ सालीं केंब्रिज येथें गणिताच्या परीक्षेंत पहिले आले व 'सीनिअर रँग्लर' म्हणून गाजले. त्या काळीं मुंबईहून आगबोटीनें लंडनास पोंचण्यास तीन आठवडे लागत. आज विमानानें नऊ-दहा तास पुरतात. वाट आंखडली, पण परक्या मुलुखांत दिवस कसा घालवावा हा प्रश्न मात्र जेथल्या तेथेंच आहे.

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्याच भागांतील एका पुरुषाच्या चरित्रांत पाहण्यासारखें आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं महाड तालुक्यांतील नाते येथें झाला आणि त्यांचें बालपण रोह्यास गेलें. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत ते पहिले आले व संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. १९१५ सालीं ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजांत दाखल झाले, तेव्हां महायुद्ध ऐन भरांत होतें. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला लंडनहून मुंबईकडे येणारी 'पर्शिया' ही आगबोट भूमध्य समुद्रांत पाणबुडीनें बुडविली आणि तीनशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, यावरून त्या वेळच्या प्रवासाचें भय ध्यानांत यावें. १९१६ च्या आरंभीं इंग्लंडांत सक्तीची लष्करभरती सुरू झाली, वर्गांतील तरुण रणांगणावर गेले आणि विद्यापीठ ओस पडलें. त्याच वर्षीं २१ मे रोजीं त्या देशानें सरकारी हुकमानें घड्याळें एक तास पुढें केलीं. ती चाल आजतागायत चालू आहे. १९१८ सालीं साखरेचें, मांसाचें व लोण्याचें शिधावाटपहि आलें.

अशा उदास काळांत ह्या कोंकणी विद्यार्थ्यानें वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूस्तरशास्त्र ह्यांचा अभ्यास केला. १९१७ सालीं वनस्पतिशास्त्राचें फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळविलें आणि १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंत पहिला क्रमांक पटकाविला. हें सर्वांस ठाऊक असतें. पण आपण ध्यानांत घ्यावयाची गोष्ट दुसरीच आहे. वनस्पति हा त्यांचा परीक्षेपुरता विषय राहिला नाहीं. पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर (१९४३ ते १९४९) आणि नंतर हिंदुस्थानचे अर्थमंत्री झाल्यावरहि बागकाम आणि संस्कृत हे त्यांचे विसांव्याचे विषय कायम होते. कालिदासाचें मेघदूत त्यांनीं मराठींत आणलें. कामाच्या डोंगराखालीं जो माणूस दबून गेला नाहीं, त्यानें फावल्या वेळाची शेती तरुणपणींच केली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आजच्या दिनचर्येकडे वळूं. विलायतेंत कचेरीचें काम बहुधा आठवड्याचे पांच दिवस, सकाळीं नवाच्या सुमारास सुरू होऊन सायंकाळीं पांच-साडेपांचास संपतें. पांच दिवस काम करणाऱ्यास वर्षास निदान २८ दिवसांची पगारी रजा कायद्यानेंच मिळते. मात्र तींत आठ सार्वजनिक सुट्या धरण्याची धन्यास मुभा असते. कामाच्या वेळीं काम चोख करावें आणि वेळ संपतांच उठावें, ही तेथील सर्वसाधारण रीति. साहेब बसला आहे म्हणून हाताखालच्यांनीं उगाच बसून राहावें, हें तेथें फारसें भूषण मानीत नाहींत. आपल्याकडून गेलेलीं मुलें पहिल्या वर्षीं ह्याच ठिकाणीं अडखळतात. कारण उशिरापर्यंत बसणें म्हणजे निष्ठा, अशी शिकवण त्यांनीं येथून नेलेली असते.

घरीं आल्यावर दुसरें काम वाट पाहतच असतें. धुणेंभांडीं करणारी बाई नाहीं, इस्त्रीवाला नाहीं, दारावर भाजी घेऊन येणारा नाहीं. केरकचरा निरनिराळ्या डब्यांत वर्गवारी करून ठरल्या वारीं दाराबाहेर ठेवावा लागतो. वार चुकला तर तो पुढील फेरीपर्यंत घरांतच राहतो. नवराबायको दोघेंहि नोकरी करीत असल्यामुळें स्वयंपाक ज्याला आधीं वेळ मिळेल त्यानें करावयाचा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या, पाण्याचा तांब्याहि हातांत आणून मिळालेल्या मुलाला हें शिक्षण जड जातें, पण उपयोगी पडतें. येथून जाण्यापूर्वींच मुलग्यांनाहि आमटीभात व पोळी करावयास शिकवावें, हें मी अगत्यानें सुचवितों.

ह्या देशाला विसांवा आयता मिळालेला नाहीं. १८५० च्या कायद्यानें गिरण्यांतील स्त्रिया व मुलें ह्यांचें शनिवारचें काम दुपारीं दोनला थांबलें. १८७१ सालीं सर जॉन लबक यांच्या खटपटीनें बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला. आपल्याकडेहि नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांसाठीं झगडून १८९० सालीं रविवारची सुटी मिळविली, हें येथें कृतज्ञतापूर्वक स्मरावें. सुटीचें मोल कळलें म्हणजे ती अंथरुणांत लोळून दवडावीशी वाटत नाहीं.

इंग्रज मनुष्याचा आवडता विसांवा म्हणजे पायीं भटकणें. इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें १,४०,००० मैलांच्या सार्वजनिक पायवाटा आहेत. त्या कोणाच्या शेतांतून, कुरणांतून गेल्या असल्या तरी त्यांवरून चालण्याचा हक्क सर्वांस आहे. फक्त फाटक उघडलें तर तें मागें लावून घ्यावें. उंच माळरानें मात्र धनिकांनीं शिकारीसाठीं अडवून ठेविलीं होतीं. २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरकडील शेंकडों कामगार किंडर स्काउट नांवाच्या पठारावर बंदी मोडून चढले व त्यांतील कांहीं तुरुंगांत गेले. पुढें १९४९ चा कायदा झाला आणि १९५१ सालीं त्याच प्रदेशांत पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. आगगाडीच्या सहलींचाहि इतिहास असाच मौजेचा आहे. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक यानें लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठीं माणशीं एका शिलिंगांत मंडळी नेली, आणि त्यांतून पुढें जगभर प्रवासाचा धंदा उभा राहिला. आज सोळा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांस सवलतीचें कार्ड घेतल्यास बहुतेक आगगाड्यांच्या भाड्यांत एकतृतीयांश सूट मिळते. तिकीट आधीं काढावें, म्हणजे आणखी स्वस्त पडतें.

ज्याला चालण्याची हौस नाहीं त्याला वाचनालयें आहेत. पुस्तकें घरीं नेण्यास वर्गणी पडत नाहीं. बागेची आवड असेल तर गांवच्या पंचायतीकडून जमिनीचा तुकडा अल्प भाड्यानें मिळूं शकतो. त्याचें रूढ माप सुमारें २५० चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. मागणी फार, म्हणून नांव नोंदवून थांबावें लागतें. परंतु उन्हाळ्यांत त्यांत मेथी-कोथिंबीरहि निघते. परक्या मातींत हात घातल्यावर परकेपणा कमी होतो, असें सांगतात.

आतां ज्याकरितां हा लेखनप्रपंच केला तें सांगतों. विलायतेंतील पाऊस आमच्यापुढें कांहींच नव्हे. लंडनांत वर्षाकाठीं सुमारें ६०० मिलिमीटर पडतो आणि आपल्याकडे त्याच्या पांचपट. मनाला पोखरतो तो अंधार. डिसेंबरांत लंडनला सूर्य आठाच्या सुमारास उगवून चारच्या आंतच मावळतो. आपल्याकडे लहानांत लहान दिवसहि सुमारें अकरा तासांचा असतो. तेथें तो आठ तासांचाहि भरत नाहीं. अंधारांत जावें, अंधारांत परतावें. माझ्या हाताखालून गेलेली एक हुशार मुलगी तेथें प्रयोगशाळेंत नोकरीस आहे. पहिल्या हिवाळ्यांत शनिवार-रविवार ती खोलीबाहेर पडेना, धड जेवेना. घरीं रोज बोलणें होई. पण पगार जमा झाला का, थंडीचे कपडे घेतले का, एवढ्यावर तें संपे. "विचारलें असतें तर सांगितलें असतें, सर," असें तिनें मला मागाहून लिहिलें. एका शेजारीण बाईंनीं तिला आग्रहानें रविवारच्या पदयात्रेस नेलें आणि मग तिचे दिवस पालटले. प्रत्येकीला अशी शेजारीण भेटेलच असें नाहीं.

घड्याळहि आड येतें. हिवाळ्यांत तेथील वेळ आपल्या साडेपांच तास मागें, उन्हाळ्यांत साडेचार तास. मूल सायंकाळीं साडेसहास घरीं पोंचतें तेव्हां हिवाळ्यांत येथें मध्यरात्र झालेली असते. म्हणून रोजचें घाईचें बोलणें थोडें कमी होऊं द्यावें आणि रविवार राखावा. त्यांची सकाळ ती आपली दुपार. जेवणें आटोपलेलीं, घरांतील आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्व मंडळी एकत्र. असें निवांत बोलणें औषधाप्रमाणें गुण देतें.

तेथें आपलीं माणसेंहि आहेत. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें; डॉलिस हिल भागांत त्याची स्वतःची वास्तु आहे. गणेशोत्सवास तेथें जावें, पण केवळ आपल्याच माणसांत कोंडून घेऊं नये.

"परत केव्हां येणार?" हा प्रश्नहि मुलांवर वारंवार टाकूं नये. लोकमान्य टिळक १९१८-१९ सालीं लंडनांत असतां चिंतामणरावांनीं त्यांना भेटून, सरकारी नोकरी सोडून देशकार्यांत पडावें काय असें विचारलें होतें. स्वराज्य आल्यावर कारभार जाणणारीं माणसें लागतील, तेव्हां नोकरी करून अनुभव घ्यावा, असा सल्ला लोकमान्यांनीं दिला. जहाल म्हणून गाजलेल्या पुढाऱ्यानेंहि तरुणाच्या वाटेचा विचार त्याच्या बाजूनें केला. आपण आईबापांनीं तेवढें तरी करावें.

आणि जमल्यास एकदां स्वतः जाऊन यावें. साधारण पाहुण्यांस सहा महिनेपर्यंत राहण्याचा परवाना मिळूं शकतो. अण्णासाहेब कर्वे सत्तरी गांठल्यावर १९२९ सालीं माल्व्हर्नच्या शिक्षणपरिषदेस गेले होते, तेव्हां वयाची सबब सांगूं नये. गेल्यावर दिवसभर स्वयंपाकघरांत लाडू वळीत बसूं नये. मुलाबरोबर त्याच्या नेहमींच्या पायवाटेनें दोन मैल चालावें. तोंवर येत्या रविवारीं दूरध्वनि लागतांच पगाराची चौकशी मागें ठेवावी आणि आधीं विचारावें, "काल कोठें फिरून आलास?"